चार बाइट, एक व्होल्टेज
चौकोन आणि तारा : लेखांक ७

मीटरच्या पडद्यावर २३० व्होल्ट दिसताहेत आणि नोड-रेडच्या डीबग खिडकीत पडताहेत दोन आकडे : १७२५४ आणि ०. नोडखाली हिरवा ठिपका आहे, म्हणजे जोडणीही ठीक आहे. मॉडबसवरून वीजमीटर पहिल्यांदा वाचायला बसलेल्याची गाडी हमखास इथे अडते. मग केबल बदलून बघ, बॉड रेट बदलून बघ, असा अर्धा दिवस जातो. खरं तर ते दोन आकडे मिळूनच २३० होतात. ते वाचायचे कसे, एवढंच आपण फ्लोला सांगितलेलं नसतं.

मागच्या लेखांकात स्विच आणि चेंज या नोडांनी आपण संदेशांना वाटा काढून दिल्या. तेव्हा तारेतून जाणारा माल ओळखीचा होता : मजकूर, संख्या, फार तर जेसन. आता येताहेत ते कच्चे बाइट. एक बाइट म्हणजे ० ते २५५ मधली एक संख्या, यापलीकडे त्याला स्वतःचं काही म्हणणं नसतं. ६७, १०२, ०, ० हे चार बाइट म्हणजे दशांश संख्या असेल, दोन वेगवेगळे पूर्णांक असतील, नाहीतर इंग्रजी सी आणि एफ ही अक्षरं आणि पुढे दोन रिकामे बाइट असतील. दुकानदाराच्या वहीत नुसतं ‘सव्वा’ लिहिलेलं असावं, आणि लिटर की किलो ते लिहिणाऱ्यालाच माहीत असावं, तसला हा प्रकार. अर्थ बाइटमध्ये नाही, यंत्र बनवणाऱ्याच्या मॅन्युअलमध्ये आहे.

चित्ररूप प्रोग्रॅमिंगमध्ये हे जास्त नडतं, कारण चित्रात ते दिसतच नाही. १९८६ साली आलेल्या लॅबव्ह्यूमध्ये तारेला रंग असतो : दशांश संख्येची तार नारिंगी, पूर्णांकाची निळी, मजकुराची गुलाबी, हो-नाहीची हिरवी. चुकीची तार जोडली की ती तुटलेलीच दिसते. नोड-रेडच्या सगळ्या तारा करड्या. निक ओ’लिअरी आणि डेव्ह कॉनवे-जोन्स यांनी २०१३ मध्ये आयबीएममध्ये हे साधन उभं केलं ते झटपट जोडाजोड करता यावी म्हणून, आणि त्या झटपटपणाची ही किंमत आहे. व्होल्टेज वाहो, बफर (म्हणजे कच्च्या बाइटांची रांग) वाहो की कचरा, तार तशीच दिसते. मला स्वतःला लॅबव्ह्यूचा हट्ट अधिक आवडतो, पण कारखान्यातल्या छोट्या कामांसाठी आज हाताशी असतं ते बहुधा नोड-रेडच.

आता त्या दोन आकड्यांकडे वळू. मॉडबस १९७९ चं, मॉडिकॉन कंपनीने आपल्या पीएलसींसाठी केलेलं. त्यात संख्यांसाठी माप एकच, १६ बिटांचं रजिस्टर. एका रजिस्टरमध्ये ० ते ६५५३५ एवढंच मावतं, दशांश चिन्हाची सोयच नाही. दशांश संख्या ३२ बिटांत कशी मांडायची याचं आयईईई ७५४ हे मानक आलं १९८५ मध्ये. (त्यामागचे मुख्य गणिती विल्यम कॅहन यांना १९८९ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं.) मीटरवाल्यांनी मग साधा तोडगा काढला : एक दशांश संख्या शेजारशेजारच्या दोन रजिस्टरांत कापून ठेवायची. पहिलं रजिस्टर १७२५४, म्हणजे बाइट ६७ आणि १०२. दुसरं शून्य, म्हणजे ० आणि ०. हे चार बाइट सलग धरून ३२ बिटांची दशांश संख्या म्हणून वाचले की बरोबर २३० येतात.

हे ‘सलग धरून’ मात्र सरळ नाही. एका रजिस्टरच्या आत मोठा बाइट आधी, हे मॉडबसने ठरवून दिलं. दोन रजिस्टरांमध्ये मोठं कोणतं आधी यावर ते गप्प आहे, कारण दोन रजिस्टरांची संख्या ही कल्पनाच त्यात नव्हती. त्यामुळे प्रत्येक कंपनीने आपापली रीत पाडली. मॅन्युअलात ती एबीसीडी, सीडीएबी, बीएडीसी, डीसीबीए अशा अक्षरांनी दिलेली असते. पहिली म्हणजे वर वाचलेला सरळ क्रम. सीडीएबी समजून वाचलं तर तेच २३० व्होल्ट होतात दशांश चिन्हानंतर चाळीस शून्यं आणि मग २४. बीएडीसीने वाचलं तर २३ वर बावीस शून्यं. गंमत अशी की या चारपैकी कुठल्याही क्रमाने वाचलं तरी फ्लो लाल होत नाही, तक्रार करत नाही. त्याच्या लेखी सगळ्याच संख्या वैध आहेत.

म्हणून नवीन मीटर हाती आला की आधी त्याच्या पडद्यावर दिसणारं एखादं मूल्य पक्कं धरावं आणि चारही क्रम लावून पाहावेत. २३० च्या आसपासचं उत्तर एकाच क्रमाने येतं, बाकीचे तीन इतके हास्यास्पद येतात की शंकेला जागा उरत नाही. फक्त हे करताना लोड चालू असू द्या. बंद मशीनचा करंट शून्य असतो, आणि शून्य चारही क्रमांनी शून्यच येतं. जाता जाता पत्त्यांबद्दल : मॅन्युअलात ४०००१ लिहिलेलं रजिस्टर तारेवर पत्ता ० ने मागायचं असतं. एकाचा फरक पडला की शेजारच्या दोन संख्यांचे अर्धे-अर्धे तुकडे जोडून हाती येतात, आणि मग कोणताच क्रम जुळत नाही.

हे जोडकाम करायचं कुठे? मॉडबसचा नोड रजिस्टरांचे आकडेही देतो आणि त्यांचा कच्चा बफरही. आकड्यांना गुणून, सरकवून फंक्शन नोडमध्ये संख्या तयार करणारे बरेच दिसतात. तसं करू नये. जावास्क्रिप्टमधली बिटं सरकवणारी चिन्हं ३२ बिटांची चिन्हांकित संख्या धरून चालतात, त्यामुळे २५५ हा बाइट चोवीस घरं डावीकडे सरकवला की उत्तर ऋण येतं. वीजवापराचा आकडा एके दिवशी अचानक ऋण झाला तर आधी हे तपासा. बफरलाच विचारणं चांगलं : अमुक जागेपासून, मोठा बाइट आधी, दशांश संख्या वाच. त्यासाठीची तयार फंक्शनं नोड-जेएसच्या बफरमध्ये आहेत. कोड लिहायचाच नसेल तर बफर-पार्सर नावाचा जोडनोड घ्या. त्यात तक्त्याच्या एकेका ओळीत नाव, प्रकार, सुरुवातीची जागा आणि गुणक भरायचा. मॅन्युअलमधला तक्ता आणि हा तक्ता शेजारी ठेवून ताडून बघता येतो, म्हणून मी नेहमी हाच सुचवतो. सहा महिन्यांनी दुसऱ्या कुणाला तो फ्लो उघडावा लागला, तरी त्याला कोडात घुसावं लागत नाही.

गुणकाचं आणि चिन्हाचं थोडक्यात. दशांशाच्या भानगडीत न पडता बरीच साधनं २३०० पाठवतात आणि मॅन्युअलात ०.१ ने गुणा म्हणतात. शीतगृहातला तापमापक ६५४३६ देत असेल तर तो बिघडलेला नाही. ती चिन्हांकित संख्या आहे. ६५५३६ मधून वजा केली की उरतात १००, म्हणजे उणे १००, आणि गुणक लावून उणे १० अंश. प्रकाराच्या रकान्यात चिन्हरहितऐवजी चिन्हांकित निवडलं की काम झालं.

वीजवापराच्या एकूण बेरजेवर मात्र जरा थांबायला हवं. ३२ बिटांच्या दशांश संख्येत साधारण सात अंकच नेमके राहतात. २३१.७ व्होल्ट फ्लोमध्ये २३१.६९९९९६९ असे दिसतात ते त्यामुळेच. तिथे बिघडत नाही, पडद्यावर दाखवताना पूर्णांकन करा आणि सोडून द्या. पण वॉट-तासांची बेरीज याच प्रकारात ठेवली, तर १,६७,७७,२१६ नंतर तिच्यात एकेक वॉट-तास मिळवताच येत नाही. पुढची मांडता येणारी संख्या थेट दोनने मोठी असते. १,६७,७७,२१६ वॉट-तास म्हणजे १६,७७७ युनिट, मध्यम आकाराच्या वर्कशॉपला ही काही फार मोठी गोष्ट नाही. म्हणून मीटर बेरीज पूर्णांकातही देत असेल तर तीच घ्यावी.

त्या पूर्णांकातही एक खाच आहे. ६५५३५ ही बेरीज दोन रजिस्टरांत ० आणि ६५५३५ अशी बसते. एकाने वाढली की १ आणि ०. आता फ्लोने वरचं रजिस्टर एका विनंतीत आणि खालचं दुसऱ्या विनंतीत मागितलं, आणि मधल्या क्षणात मीटर पुढे सरकला, तर हाती येतात ० आणि ०. आलेखावर बेरीज एका ठोक्यापुरती शून्यावर कोसळते आणि परत वर येते. महिन्यातून एखाद्या वेळीच घडणारा हा प्रकार शोधून काढणं महाकठीण. उपाय मात्र सोपा : दोन्ही रजिस्टरं एकाच विनंतीत मागा.

उलटी वाट, म्हणजे मूल्याचे बाइट करून यंत्राला पाठवणं, जास्त जोखमीची. वाचताना चुकलं तर आलेख बिघडतो, लिहिताना चुकलं तर मोटर. तापमानाची मर्यादा ७० ठरवली आणि यंत्राला ती हजारपटीत हवी असली, तर पाठवायचे ७००००. ते एका रजिस्टरात मावत नाहीत. हाताने बिटं छाटणारा कोड गुपचूप ४४६४ पाठवतो, आणि यंत्र मर्यादा ४.४६४ अंश धरतं. बफरचं अधिकृत लेखन-फंक्शन अशा वेळी चूक फेकतं, हे बरं. पण फेकलेली चूक झेलायलाही कुणी हवं. ४ जून १९९६ ला कुरूहून उडालेल्या पहिल्या एरियान ५ मध्ये ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात बसवताना ती मावली नाही. चूक उठली, ती हाताळणारं काही नव्हतं, दिशा सांगणाऱ्या दोन्ही संगणकांनी काम सोडलं आणि उड्डाणानंतर मिनिटभराच्या आत रॉकेट नष्ट झालं. आपल्या फ्लोमध्ये लेखनाच्या आधी मर्यादा तपासणारा स्विच आणि शेजारी कॅच नोड, एवढं तरी असावंच. दशांश मूल्य लिहिताना दोन रजिस्टरं एका-एकाने लिहायची नाहीत. त्यासाठी मॉडबसची १६ क्रमांकाची आज्ञा आहे, ती सगळी रजिस्टरं एकाच संदेशात पोचवते. ६ क्रमांकाच्या आज्ञेने दोनदा लिहिलं तर मधल्या क्षणी यंत्राकडे अर्धी जुनी, अर्धी नवी संख्या असते.

आता मजकूर, आणि इथे मराठी लिहिणाऱ्यांनी जास्त सावध राहायला हवं. समजा एखाद्या पाटीवर ‘पुणे’ दाखवायचं आहे आणि तिच्या संदेशात आधी लांबी, मग मजकूर अशी रचना आहे. जावास्क्रिप्टला लांबी विचारली तर ती ४ सांगते : प, उकार, ण, मात्रा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं, म्हणजे पाठवायचे आहेत १२. लांबीच्या जागी ४ लिहिलं की पाटी ‘प’ पूर्ण वाचते, उकाराचा पहिला बाइट घेते आणि थांबते. लांबी नेहमी बफरची मोजा, मजकुराची नको.

याच्या उलट चूक जास्त नासाडी करते. एमक्यूटीटी किंवा टीसीपी नोडच्या सेटिंगमध्ये येणारा माल ‘स्ट्रिंग’ म्हणून घ्यायचा पर्याय असतो, आणि तो निवडला की कच्चे बाइट यूटीएफ-८ मजकूर समजून वाचले जातात. त्यात न बसणाऱ्या बाइटच्या जागी प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन येतो, आणि तो आला की मूळ बाइट गेला. पुढे कितीही बफर-पार्सर लावा, तो परत येत नाही. तेव्हा येणारा माल मजकूर असल्याची खात्री नसेल तर नोडवर ‘बफर’ निवडा. आणि रूपांतर तिथेच, दारातच उरका. पार्सरच्या पुढे गेलेल्या प्रत्येक संदेशात नाव, मूल्य आणि एकक असावं. स्विच, आलेख, डॅशबोर्ड यांच्यापर्यंत एकही कच्चा बाइट पोचता कामा नये. निघतानाही तसंच : बाहेर पडणाऱ्या नोडच्या अगदी अलीकडे, एकाच जागी बाइट बनवा.

आतापर्यंत आपण धरून चाललो की संदेश पूर्ण, एका तुकड्यात येतो. मॉडबसचा नोड ती काळजी स्वतःच घेतो. पण सीरियल किंवा टीसीपीवर एखादं वजनकाट्याचं यंत्र स्वतःच्या भाषेत बोलत असेल, तर एक संदेश दोन तुकड्यांत येतो, नाहीतर दोन संदेश एकमेकांना चिकटून येतात. ते कसे सोडवायचे आणि सीआरसी कुठे तपासायचा, ते पुढच्या आठवड्यात.