दुसरा रिमोट कोणाच्या हाती?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. नेरूळ येथील माझ्या दवाखान्यात एक आई अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मुलाच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखत होते, झोप अपुरी होती आणि सकाळी शाळेसाठी उठवताना घरात रोज रणकंदन माजत होते. ‘‘मॅडम, टीव्हीला जोडून तो मारामारीचा गेम खेळत बसतो. बंद म्हणून तुमच्या कागदावर लिहून द्या. माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल.’’

मी अंगठा तपासला. अंगठा मुठीत दाबून मनगट करंगळीच्या बाजूला वळवताच मुलगा कळवळला. अंगठ्याच्या स्नायुबंधांवरील आवरणाला सूज आली होती; निदान अवघड नव्हते. औषधासोबत मी केसपेपरवर लिहिले, ‘व्हिडिओ गेम पूर्ण बंद’, आणि खाली ठळक रेघ ओढली.

महिन्याभरात अंगठा बरा झाला. आई मात्र पुन्हा आली ती निराळी काळजी घेऊन. मुलाचे वडील मालवाहू जहाजावर अधिकारी आहेत. आपल्या नवी मुंबईत अशी कुटुंबे पुष्कळ आहेत. वर्षातील सहा-सात महिने वडील घराबाहेर. घरी असताना रोज संध्याकाळी बापलेक तोच गेम खेळत. ते जहाजावर गेले की मुलगा एकटा सराव करी, आणि जहाज एखाद्या बंदराला लागून फोन आला की कोणता नवा डाव जमला, कोणत्या लढवय्याला हरवले, हे सांगत अर्धा तास बोले. गेम बंद झाल्यापासून त्यांचे बोलणे ‘जेवलास का’ आणि ‘अभ्यास झाला का’ एवढ्यावर संपू लागले होते. ‘‘परवा तर त्याने फोन माझ्याच हातात परत दिला, मॅडम. म्हणाला, बाबांना काय सांगू?’’

रुग्णाला हात लावण्याआधी त्याचा पूर्ण इतिहास विचारावा, हे आम्हाला वैद्यकीय शिक्षणाच्या आरंभीच शिकवतात. मी अंगठ्याचा इतिहास विचारला होता. खेळाचा विचारला नव्हता. ‘तू हा खेळ कोणाबरोबर खेळतोस?’ हा एक प्रश्न माझ्याकडून राहून गेला होता. ज्या वस्तूवर मी बंदी घातली, ती मी डोळ्यांनी पाहिलेलीही नव्हती. म्हणून खारघरला राहणाऱ्या माझ्या भाच्याकडून तो खेळ पंधरा दिवसांसाठी मागून आणला आणि खेळून पाहिला. हा लेख त्या तपासणीचा अहवाल आहे.

खेळ आहे तरी काय?

खेळाचे नाव ‘सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट’. निन्टेन्डो या जपानी कंपनीने तो ७ डिसेंबर २०१८ रोजी आपल्या ‘स्विच’ या उपकरणासाठी आणला. या मालिकेतील पहिला खेळ १९९९ मध्ये आला, तेव्हा त्यात बारा लढवय्ये होते. आज ते ८९ आहेत. वैशिष्ट्य असे की, हे सारे वेगवेगळ्या खेळांतून आणि वेगवेगळ्या कंपन्यांकडून आलेले आहेत. निन्टेन्डोचा मारिओ आणि पिकाचू, सेगाचा सॉनिक, जुन्या पिढीच्या ओळखीचा पॅकमॅन, ‘स्ट्रीट फायटर’मधील र्‍यू, ‘टेक्केन’मधील काझुया, अशी मंडळी एकाच रंगमंचावर एकमेकांना भिडतात. अशा सरमिसळीच्या खेळाला इंग्रजीत ‘क्रॉसओव्हर’ म्हणतात.

ही कल्पना आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. आमच्या लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यावर सिंहासनाधिष्ठित महाराज असत, खाली मातीचे मावळे असत, त्यांच्या शेजारी गवळण, प्लास्टिकचा वाघ, बंदूकधारी जवान आणि कोणाच्या तरी घरची लाल मोटार. कोण कोणत्या काळातील, हा प्रश्न कोणालाच पडत नसे. या मालिकेच्या पहिल्या खेळाच्या प्रारंभीही लढवय्ये म्हणजे खोलीतल्या बाहुल्याच दाखवल्या आहेत. एक हात त्यांना मांडतो आणि त्या जिवंत होतात.

लढतीची रीतही थोडी निराळी आहे. लढवय्याला मार बसला की पडद्याच्या तळाशी त्याची टक्केवारी वाढते. टक्केवारी जितकी जास्त, तितका पुढच्या तडाख्याने तो दूर फेकला जातो. रंगमंचाबाहेर कायमचा फेकला गेला की तो डाव गमावला. आम्ही शाळेत खडूचे वर्तुळ आखून, हाताची घडी घालून, एका पायावर लंगडत एकमेकांना खांद्याने बाहेर ढकलत असू, त्याच जातकुळीतील हा खेळ. एका पडद्यावर एका वेळी आठ जण खेळू शकतात. घरोघरी ज्याला ‘रिमोट’ म्हणतात तो कंट्रोलर प्रत्येकाच्या हातात स्वतंत्र लागतो.

मारामारीचे काय?

या खेळात रक्त दिसत नाही, हाडे मोडत नाहीत, प्रेते पडत नाहीत. काही पात्रांकडे तलवारी, बंदुका व स्फोटके आहेत, काहींचे पोशाख तंग आहेत. वयाबाबत निरनिराळ्या देशांचे मत निरनिराळे आहे. जपानच्या मानांकनानुसार तो सर्व वयांसाठी योग्य, अमेरिकेच्या मते दहा वर्षे व त्यापुढील मुलांसाठी, तर युरोपातील मानांकनाप्रमाणे बारा वर्षांपुढे. अमेरिकेतील मानांकन मंडळ १९९४ मध्ये स्थापन झाले, त्यामागे ‘मॉर्टल कॉम्बॅट’ या रक्तबंबाळ लढाईच्या खेळावरून उठलेले वादळही होते. म्हणून ‘फायटिंग गेम’ या एका शब्दावर विसंबू नये. खोक्यावरील वयाचे चिन्ह वाचावे आणि पहिला तासभर मुलाशेजारी बसावे.

असे खेळ खेळून मुले हिंसक होतात का? अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये आपली भूमिका स्पष्ट केली. प्रत्यक्षातील हिंसक कृत्यांचा दोष व्हिडिओ गेमवर ठेवण्याइतका पुरावा नाही. मात्र आरडाओरडा, ढकलाढकली अशा आक्रमक वर्तनाशी लहानसा पण सातत्याने आढळणारा संबंध आहे. माझा अनुभव या दोन्ही वाक्यांना धरूनच होता. सलग अकराव्यांदा हरल्यावर मी भाच्यावर ओरडले. माझे वय चोपन्न आहे. चिडलेल्या मुलाला दहा मिनिटे थांबवून पाणी पिऊन यायला सांगावे. मीही तेच केले.

अंगठा, डोळे आणि झोप

खरी जोखीम मला शरीराच्या बाजूने अधिक वाटते. सलग पाच तास निन्टेन्डो खेळून अंगठा दुखू लागलेल्या ३५ वर्षांच्या एका महिलेची नोंद ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये १९९० साली प्रसिद्ध झाली आणि त्या दुखण्याला ‘निन्टेन्डिनायटिस’ असे मिश्कील नाव मिळाले. खेळ लढाईचा असेल तर अंगठा क्षणाक्षणाला तेच बटण दाबतो आणि तीच दांडी ढकलतो. अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागले तर त्या दिवसापासून विश्रांती. दुखणे आठवड्यात न थांबल्यास, सूज आल्यास किंवा बोटांना मुंग्या येत असल्यास डॉक्टरांना दाखवावे.

स्विच हे उपकरण टीव्हीला जोडता येते, तसेच हातात धरूनही वापरता येते. माझा आग्रह टीव्हीचाच आहे. पडदा लांब राहतो, मान झुकत नाही, आणि खेळ दिवाणखान्यात सर्वांसमोर राहतो. तो पांघरुणात शिरत नाही. वीस मिनिटांनी वीस सेकंद खिडकीबाहेर दूरवर पाहावे, म्हणजे डोळ्यांना विसावा मिळतो. त्याहूनही महत्त्वाचा आहे उघड्यावरचा प्रकाश. चीनमधील ग्वांगझौ येथे पहिलीच्या मुलांना शाळेच्या दिवशी रोज ४० मिनिटे अधिक बाहेर खेळवले, तेव्हा तीन वर्षांत नव्याने चष्मा लागण्याजोगा ऱ्हस्वदृष्टिदोष ३०.४ टक्के मुलांत आढळला. इतर मुलांत तो ३९.५ टक्के होता. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी साठ मिनिटांचा दमवणारा व्यायाम सांगते. तेव्हा क्रम ठरवावा: आधी मैदान, ज्वेल ऑफ नवी मुंबईची फेरी किंवा सोसायटीतील सायकल, मग पडदा.

सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज नऊ ते बारा तास झोप लागते. या खेळातील एक लढत काही मिनिटांतच संपते, आणि हीच त्याची खरी गोम आहे. ‘शेवटची एकच’ म्हणत अशा दहा लढती सहज होतात. हरलेल्याला सूड हवा असतो, जिंकलेल्याला पुन्हा जिंकायचे असते. घड्याळ लावण्यापेक्षा आधी लढतींचा आकडा ठरवणे मला अधिक उपयोगी वाटले, कारण ऐन रंगात आलेली लढत आईने मध्येच बंद केली की भांडण अटळ असते. झोपेआधी एक तास पडदा बंद असावा.

फेफरे: एक गंभीर सूचना

१६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’ मालिकेच्या एका भागात लाल-निळा प्रकाश वेगाने उघडमीट करत होता. तो पाहून सहाशेहून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यांतील अनेकांना झटके आले होते. लढाईच्या खेळातही लखलखाट असतो. ज्या मुलाला फेफरे आले आहे किंवा ज्याच्या जवळच्या नात्यात प्रकाशामुळे फेफरे येण्याचा इतिहास आहे, त्याने न्यूरॉलॉजिस्टच्या सल्ल्याशिवाय असा खेळ खेळू नये. कोणाला झटका आलाच तर त्याला कुशीवर वळवावे, आसपासच्या टणक वस्तू दूर कराव्यात. तोंडात चमचा घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. झटका पाच मिनिटांत न थांबल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

व्यसन कशाला म्हणावे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश आहे, ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्याची लक्षणे तीन: खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अग्रक्रम मिळणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळणे चालूच ठेवणे. हे सर्वसाधारणपणे बारा महिने दिसावे लागते व त्याने शिक्षण, नाती किंवा दिनक्रम ढासळलेला असावा लागतो. सुट्टीत चार तास खेळलेला मुलगा व्यसनी ठरत नाही. जेवण, अंघोळ, मित्र सारे सुटलेला मुलगा मात्र मानसोपचारतज्ज्ञांना दाखवलाच पाहिजे, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

खर्चाबद्दल एवढेच, की या खेळात पैजा लागत नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून ज्यांवर बंदी घातली, ते पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ निराळे. येथे जादा लढवय्ये मात्र वेगळे पैसे मोजून विकत घ्यावे लागतात. कार्डाचा क्रमांक उपकरणात साठवून ठेवू नये.

माझा निष्कर्ष

दहा वर्षांखालील मुलांसाठी मी या खेळाची शिफारस करणार नाही. त्यापुढील मुलांसाठी, मर्यादेत, तो मला घातक वाटला नाही. परंतु पंधरा दिवसांत एक फरक स्पष्ट जाणवला. भाच्याबरोबर खेळताना हसणे, चिडवणे, वाद आणि समेट सारे होत होते. एकटी खेळले तेव्हा मात्र वेळ कसा गेला कळले नाही आणि उठल्यावर मन रिकामे होते. पेटी तीच, लढवय्ये तेच; फक्त दुसरा रिमोट कोणाच्या हाती नव्हता. म्हणून आता माझ्याकडे ‘हा गेम चांगला की वाईट’ असे विचारणाऱ्या पालकांना मी आधी विचारते, दुसरा रिमोट कोण धरते?

त्या मुलाला मी पुन्हा बोलावले आणि केसपेपरवरील जुन्या सूचनेवर काट मारून नवी लिहिली:

१. खेळ फक्त टीव्हीवर, दिवाणखान्यात.
२. शाळेच्या दिवशी मैदानावरून आल्यानंतर, आठ लढती.
३. रात्री साडेआठनंतर बंद.
४. अंगठा दुखल्यास दुखणे जाईपर्यंत सुट्टी.
५. आठवड्यातून दोनदा आईने दुसरा रिमोट घ्यावा.

पाचवी सूचना वाचून आई म्हणाली, ‘‘मॅडम, मला ते मुळीच जमणार नाही.’’

‘‘मलाही जमले नाही,’’ मी म्हटले. ‘‘हरताना त्याच्याकडून शिकायचे. म्हणजे बाबांचा फोन आला की सांगायला त्याच्याकडे पुन्हा काहीतरी असेल.’’

मुलाने प्रथमच माझ्याकडे नीट पाहिले. ‘‘डॉक्टर आँटी, तुम्ही कोणाला घेऊन खेळता?’’

‘‘तो गुलाबी, गोल, सगळ्यांना गिळणारा. किर्बी.’’

‘‘सुरुवातीला सगळे तोच घेतात,’’ तो समजूत घालत म्हणाला. मग आईकडे वळून त्याने विचारले, ‘‘आई, तू पण आधी किर्बीच घे. चालेल?’’