भाव ऐकू आले पाहिजेत

सकाळी 7. मध्य प्रदेशातल्या शाहपुरात केळी घेणाऱ्या-विकणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: बऱ्हाणपूरला काय भाव निघाला, रावेरला काय? मी ज्या बातम्यांच्या साइटची आरएसएस फीड सांभाळतो, तिच्याकडे हे भाव फळ्याचा फोटो म्हणून येतात. डोळ्यांनी वाचणाऱ्याचं त्यात भागतं. टॉकबॅक हा मोबाइलवरचा पडदावाचक लावून ऐकणाऱ्याला मात्र कधी नुसतं ‘इमेज’ ऐकू येतं, कधी फाइलच्या नावातली अक्षरं आणि आकडे. फोटोला ‘भावांचा तक्ता’ असा पर्यायी मजकूर जोडला की नियम पाळल्यासारखं होतं, पण शेतकऱ्याला भाव कळत नाही. म्हणून मी आकडे टाइप करतो, तेही सलग वाक्यात: गाव, किमान, कमाल. तक्ता ऐकताना कुठला आकडा कुठल्या रकान्यातला, हे लक्षात ठेवणं फार जड जातं.

9 वाजता. दृष्टिहीन वाचकासाठी फीड ही खरी सोय आहे. साइटवर बातमीपर्यंत पोचायला मेनू, जाहिराती, मध्येच उघडणाऱ्या खिडक्या पार कराव्या लागतात. फीडमध्ये शीर्षक, तारीख, मजकूर आणि दुवा, एवढंच. पण आमच्या फीडमध्ये बातमीच्या दोनच ओळी जात आणि पुढे ‘अधिक वाचा’. म्हणजे वाचकाला पुन्हा त्याच गर्दीत ढकलायचं. मी पूर्ण मजकूर पाठवायला लागलो. साइटवरच्या भेटी कमी होतील, अशी कुरकुर होते. होऊ दे.

11 ते 1. आजचं मोठं काम भाषेचं. आमच्याकडे घरात मराठी, कचेरीत हिंदी, आणि फीडमध्ये दोन्ही. लिपी एकच, त्यामुळे नुसत्या अक्षरांवरून वाचणाऱ्या यंत्राला भाषा नीट ओळखता येत नाही. फीडवर हिंदीची खूण असली की मराठी बातमीही हिंदी आवाजात येते. 45 चं ‘पैंतालीस’ होतं, ‘चहा’तला च ‘चारा’तही तसाच उमटतो. दोन्ही भाषा कळणारा माणूससुद्धा वेगाने ऐकताना अडखळतो. आरएसएस 2.0 मध्ये भाषेची खूण अख्ख्या फीडला एकच. 2005 साली प्रमाणित झालेल्या ॲटम या दुसऱ्या फीड-प्रकारात ती प्रत्येक नोंदीला वेगळी देता येते. म्हणून आम्ही ॲटमकडे वळतोय. एनव्हीडीए या संगणकावरच्या पडदावाचकावर मराठीची खूण असलेली नोंद मराठी आवाजात आली, आणि फार बरं वाटलं.

3 वाजता. केळीवरच्या रोगाबद्दलची ध्वनिमुलाखत. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी तिचा शब्दशः मजकूर त्याच नोंदीत टाकला. हा उपकाराचा भाग नाही. त्यासाठी 2016 चा अपंग व्यक्ती हक्क कायदा आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 रोजी डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

संध्याकाळी 5. आमची फीड नेमाने ऐकणाऱ्या एका काकांना फोन केला.

“काका, भाव आले का ऐकू?”

“आले रे भाऊ, आकडे स्वच्छ आले. पण हे क्विंटलचे का पेटीचे?”

फळ्यावर ‘प्रति क्विंटल’ वरच्या कोपऱ्यात लिहिलेलं होतं. माझ्या वाक्यात ते आलंच नव्हतं. लगेच भरलं. मग भावाच्या फॉर्ममध्ये बाजार, तारीख, एकक, किमान, कमाल हे पाचही रकाने सक्तीचे केले. एक जरी रिकामा राहिला, तरी नोंद फीडमध्ये जाणार नाही.