बाटलीवर कर की साखरेवर?

ताटातलं अर्थकारण : लेखांक ६

गोड पेयातली साखर पोट न भरता नुसते उष्मांक वाढवते, हे मागच्या लेखांकात पाहिलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाच्या आहारात अशी साखर दिवसाला साधारण ५० ग्रॅमच्या आत हवी, २५ ग्रॅमच्या आत असेल तर उत्तम. कोलाच्या २५० मिलिलिटरच्या एका बाटलीतच सुमारे २६ ग्रॅम साखर असते. म्हणजे एक बाटली रिकामी केली की दिवसाचा चांगला हिस्सा तिथेच संपतो; चहा, बिस्किटं आणि सणासुदीचं गोडधोड अजून बाकीच असतं. अशा पेयांवर जादा कर असावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण आपल्याकडे चर्चा होते ती टक्क्यांची. कर कोणत्या मापाने मोजायचा, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न मागेच राहतो. कर किमतीवर किंवा लिटरवर लावला, तर त्याचा परिणाम दुकानाच्या काउंटरवर होतो. साखरेच्या प्रमाणावर लावला, तर तो थेट कारखान्यात पोचतो. जगाचा अनुभव या दुसऱ्या वाटेच्या बाजूने बोलतो.

आधी पहिली वाट पाहू. मेक्सिकोने जानेवारी २०१४ पासून गोड पेयांवर लिटरमागे १ पेसो कर लावला आणि किंमत साधारण १० टक्क्यांनी वाढली. या पेयांची खरेदी पहिल्या वर्षी साडेपाच टक्क्यांच्या आसपास घटली, दुसऱ्या वर्षी घट साडेनऊ टक्क्यांच्या पुढे गेली. म्हणजे लोक किंमत पाहून हात आखडता घेतात, हे सिद्ध झालं. मात्र हा कर लिटरवर होता. कमी गोड पेयालाही तोच एक पेसो आणि पाकासारख्या गोड पेयालाही तोच. त्यामुळे साखर कमी करून उत्पादकाचा एक पैसाही वाचत नव्हता.

ब्रिटनने नेमकी हीच फट बुजवली. मार्च २०१६ मध्ये अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी कर जाहीर केला आणि तो ६ एप्रिल २०१८ला लागू झाला. १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर कर शून्य, ५ ते ८ ग्रॅमच्या दरम्यान असेल तर लिटरमागे १८ पेन्स, ८ ग्रॅम किंवा जास्त असेल तर २४ पेन्स, असे सुरुवातीचे दर होते. कंपन्यांना तयारीसाठी दोन वर्षं मिळाली आणि खरा बदल त्या दोन वर्षांतच झाला. स्कॉटलंडचं लाडकं ‘आयर्न-ब्रू’ हे नारंगी पेय त्याचं उत्तम उदाहरण. त्यात १०० मिलिलिटरमागे १०.३ ग्रॅम साखर होती, ती ४.७ ग्रॅमवर आली. ३३० मिलिलिटरच्या कॅनमध्ये ३४ ग्रॅमऐवजी साडेपंधरा. जुन्या चवीसाठी चाहत्यांनी खोकीच्या खोकी साठवून ठेवली, तरीही कंपनी बधली नाही, कारण उंबरठ्याच्या आत राहिलं की कर भरावाच लागत नव्हता. कराच्या कक्षेतल्या पेयांतली सरासरी साखर २०१५ ते २०२० या काळात ४० टक्क्यांहून जास्त घटली. तिजोरीत पहिल्या वर्षी ५२ कोटी पौंड येतील असा मूळ अंदाज होता. कर लागू होण्याआधीच तो २४ कोटींवर आणावा लागला. एरवी वसुली घटली की कर फसला म्हणतात. इथे मात्र वसुलीतली घट म्हणजे मुलांच्या पोटात न गेलेली साखर.

याने लठ्ठपणा कमी होतो का? केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या शाळकरी मुलांची आकडेवारी तपासली. दहा-अकरा वर्षांच्या मुलींमध्ये लठ्ठपणाचं प्रमाण, कर नसता तर जितकं अपेक्षित होतं त्यापेक्षा ८ टक्क्यांनी कमी आढळलं. मुलग्यांमध्ये असा फरक दिसला नाही. एका कराने लठ्ठपणा हटत नाही, हे मान्यच करायला हवं. पण एकाच उपायाने इतका फरक पडणं ही लहान गोष्ट नव्हे.

आता आक्षेप. पहिला असा, की हा कर गरिबांवर पडतो. मेक्सिकोत खरेदी सर्वांत जास्त घटली ती गरीब घरांतच, आणि मधुमेहाच्या औषधपाण्याचा खर्चही त्याच घरांना सर्वांत जड जातो. शिवाय ब्रिटनच्या पद्धतीत पेयाची कृती बदलली की ग्राहकाला कर द्यावाच लागत नाही. दुसरा आक्षेप डेन्मार्कचा. तिथे ऑक्टोबर २०११ मध्ये संपृक्त चरबीवर लावलेला कर जानेवारी २०१३ पासून रद्द झाला. पण तो लोणी, चीज, मांस अशा रोजच्या जिनसांवर होता आणि लोक शेजारच्या देशांत जाऊन खरेदी करू लागले. गोड पेय हा कुणाच्या रोजच्या जेवणाचा आधार नाही. तिसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. साखर काढून कंपन्या कृत्रिम गोडवा घालतात, आणि वजन आटोक्यात ठेवण्यासाठी त्यावर विसंबू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनेच २०२३ मध्ये सांगितलं आहे. म्हणून या करासोबत एकूण गोडीच उतरवण्याचं धोरण हवं आणि शाळेच्या उपाहारगृहात साध्या पाण्याची चांगली सोय हवी.

आपल्याकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून साखर घातलेल्या शीतपेयांवर ४० टक्के जीएसटी आहे. दर कडक आहे, माप चुकीचं आहे. साखरेचा कोला आणि बिनसाखरेचा डाएट कोला दोन्ही ४० टक्क्यांतच. आणि खोक्यातलं आंब्याचं पेय, ज्यात साखर कोलाइतकी किंवा त्याहून जास्तही असू शकते, ते फळांच्या रसाचं म्हणून ५ टक्क्यांत. इथे साखर कमी करणाऱ्याला बक्षीस नाही आणि वाढवणाऱ्याला दंड नाही. महाराष्ट्रात ऊस उत्पादकाची काळजी पुढे केली जाईल, आणि ती रास्त आहे. पण उसाला इथेनॉलचा दुसरा रस्ता खुला आहे. मुलांच्या शरीराला दुसरा रस्ता नाही. दर तोच ठेवून तो साखरेच्या ग्रॅमनुसार टप्प्याटप्प्याने लावला आणि फळांच्या पेयांनाही त्याच मापात आणलं, तर हाच कर कारखान्यातली कृती बदलू शकेल. त्यासाठी पाकिटावर साखर स्पष्ट लिहिलेली हवी. त्या लेबलविषयी पुढच्या आठवड्यात.