फिडलची बोली

व्हायोलिन आणि फिडल हीं दोन निराळीं वाद्यें आहेत, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः वाद्य एकच; चार तारांचें, आणि त्या तारा पंचमाच्या अंतरानें लावलेल्या. मोठ्या वाद्यवृंदांत बसलें कीं तें व्हायोलिन. खेड्यांतील स्वयंपाकघरांत नाचणाऱ्यांच्या पावलांना साथ करूं लागलें कीं फिडल. भेद आहे तो वाजविण्याच्या धाटणीचा. ही धाटणी शिकावयाची कशी, हें समजून घेण्यास आयर्लंडचें उदाहरण उत्तम.

आयरिश नृत्याच्या धुनेचे सामान्यतः दोन भाग असतात व प्रत्येक भाग दोनदां वाजवितात. रील चारांच्या चालीनें धांवतें, तर जिग तीन-तीनांच्या झोक्यावर चालतें. एवढी लहानशी धून थोड्याच दिवसांत बोटांत बसते. परंतु बोटांत बसली म्हणजे ती आली, असें नव्हे. कारण जिल्हा बदलला कीं गज बदलतो.

उत्तरेकडील डोनेगॉलमध्यें बहुधा एका सुराला गजाचा एक फटकारा देतात. वादन वेगवान व ठसठशीत, अलंकार बेताचे. येथील लोक हंगामी कामासाठीं स्कॉटलंडांत जात, म्हणून तिकडील धुनाही येथें रुजल्या. स्लायगोमध्यें मात्र एकाच गजांत अनेक सूर गुंफतात आणि ‘रोल’ घेतात. म्हणजे मूळ सूर धरून त्याच्या वरच्या व खालच्या सुरांना निसटता स्पर्श करून परततात. दक्षिणेंत, कॉर्क व केरी यांच्या सीमेवरील स्लीव्ह लुआक्रा भागांत पोल्का आणि स्लाइड यांचें राज्य आहे. तेथें नाचाचा ठेका गजांतूनच उमटला पाहिजे.

या भागांत पॅड्रिग ओकीफ (१८८७–१९६३) नांवाचे शिक्षक होऊन गेले. शाळेची नोकरी सुटल्यावर ते घरोघर पायीं हिंडून फिडल शिकवीत. त्यांची लिपि सोपी होती: कागदावरील चार मोकळ्या जागा म्हणजे चार तारा, आणि त्यांतील आंकडा म्हणजे कोणतें बोट ठेवावयाचें तें, मोकळ्या तारेस शून्य. कागदावर सांगाडा येई. प्राण मात्र गुरूच्या वादनांतूनच घ्यावा लागे.

छापील संग्रहांचेंही तसेंच आहे. शिकागोचे पोलीसप्रमुख फ्रान्सिस ओनील यांनीं १९०३ सालीं १,८५० धुनांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यामुळें असंख्य धुना वांचल्या. गजाचें वळण मात्र छापतां आलें नाहीं.

तें काम ग्रामोफोननें केलें. पण त्याबरोबर एक संकटही आलें. स्लायगोचे मायकेल कोलमन (१८९१–१९४५) १९१४ सालीं अमेरिकेस गेले. १९२१ पासून न्यूयॉर्कमध्यें निघालेल्या त्यांच्या तबकड्या आयर्लंडांत घरोघर वाजूं लागल्या. त्यांचें वादन इतकें तेजस्वी होतें कीं, दूरदूरचे तरुण तेंच गिरवूं लागले आणि ठिकठिकाणच्या जुन्या चाली मागें पडल्या. एकाच्या थोरवीनें अनेकांची बोली धोक्यांत आली!

म्हणून शिकणाऱ्यानें प्रथम एकच प्रांत निवडावा. तेथील एकाच वादकाची एकच धून पुनःपुन्हां ऐकावी. ती गुणगुणतां येईपर्यंत गज हातीं धरूं नये. मग पायानें ठेका धरून संथ लयींत वाजवावी आणि गज कोठें वळतो, तिकडे कान द्यावा. अलंकार शेवटीं. ती बोली अंगीं मुरली म्हणजे मग दुसऱ्या प्रांतांत जावें. आरंभींच सर्व धाटण्यांची सरमिसळ करणाऱ्याच्या हातांत सूर येतात, परंतु कोणत्याही गांवाची ओळख येत नाहीं.