ध्रुवावरच्या बर्फाचे वजन करणारे उपग्रह: आपल्या विहिरीशी त्यांचा संबंध काय?

साखर कारखान्यावर उसाची ट्रॉली काट्यावर आधी भरलेली आणि नंतर रिकामी मोजतात. दोन वजनांतला फरक म्हणजे आपला ऊस. ग्रीनलँड आणि अंटार्क्टिकावरच्या बर्फाची घटही अशीच फरकावरून काढली जाते. फक्त हा काटा जमिनीपासून सुमारे ५०० किलोमीटर उंचीवर फिरत असतो.

काटा कसा चालतो?

मार्च २००२ मध्ये अमेरिका आणि जर्मनीने 'ग्रेस' नावाचे दोन उपग्रह सोडले. ते एकाच कक्षेत, एकमेकांपासून सुमारे २२० किलोमीटर अंतर ठेवून, एकामागे एक फिरत होते. जिथे वस्तुमान जास्त, तिथे गुरुत्वाकर्षणाची ओढ जास्त. बर्फाचा मोठा साठा जवळ आला की पुढचा उपग्रह आधी ओढला जातो आणि दोघांतले अंतर किंचित वाढते. पुढचा उपग्रह साठा ओलांडून गेला की त्याला मागे ओढ बसते, मागचा मात्र पुढे ओढला जातो आणि अंतर कमी होते. केसाच्या जाडीहूनही सूक्ष्म असलेला हा बदल सूक्ष्मलहरींनी मोजतात. त्यावरून दर महिन्याला गुरुत्वाकर्षणाचा नकाशा तयार होतो. दोन नकाशांतला फरक म्हणजे वाढलेले किंवा घटलेले वजन.

ही जोडी २०१७ मध्ये थांबली. मे २०१८ पासून 'ग्रेस फॉलो-ऑन' ही नवी जोडी तेच काम करू लागली.

बर्फाची उंची मोजून का भागत नाही?

कडब्याच्या गंजीची उंची पाहून तिचे नेमके वजन सांगता येत नाही. ती सैल रचली आहे की दाबून, यावर ते अवलंबून असते. बर्फाचेही तसेच आहे. ताजा हिम हलका, दबलेला बर्फ जड. गुरुत्वाकर्षण मात्र थेट वस्तुमानच दाखवते.

यातही एक वजावट करावी लागते. हिमयुगात बर्फाच्या भाराने दबलेला भूभाग आजही हळूहळू वर येत आहे. त्याखाली सरकणाऱ्या खडकाचे वस्तुमान हिशेबातून वगळले नाही, तर बर्फाची घट चुकीची येते. अंटार्क्टिकाच्या आकड्यांत ही दुरुस्ती विशेष महत्त्वाची ठरते.

आकडे काय सांगतात?

२००२ पासून ग्रीनलँडने वर्षाला सरासरी सुमारे २७० अब्ज टन, तर अंटार्क्टिकाने सुमारे १४० ते १५० अब्ज टन बर्फ गमावला आहे. साधारण ३६० अब्ज टन बर्फाचे पाणी समुद्रात गेले की जगभरची पातळी सरासरी १ मिलिमीटरने वाढते. दर वर्षी पडणारी ही भर साठत जाते. कोकणातली खारजमीन आणि गोव्यातील खाजन शेती बांधांच्या आधारावर टिकून आहे. भरतीचे पाणी चढत गेले, की या बांधांची उंची आणि उघाड्यांची डागडुजी अधिक मोलाची ठरते.

जमिनीखालचे पाणीही तोलले जाते

याच उपग्रहांनी भारतातले भूजलही मोजले. ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळात राजस्थान, पंजाब आणि हरियाणा (दिल्लीसह) या पट्ट्यातून सुमारे १०९ घन किलोमीटर भूजल घटल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसले. त्या काळात तिथे पावसाने मोठी ओढ दिली नव्हती. सिंचनासाठीचा उपसा हे घटीचे मुख्य कारण मानले गेले.

आपण काय करावे?

- या उपग्रहांना साधारण ३०० किलोमीटरच्या पट्ट्यातला बदल कळतो. एका गावाची किंवा एका विहिरीची पातळी त्यावरून ठरवू नका.
- पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये आणि उन्हाळ्यात मे महिन्यात, उपसा काही तास बंद ठेवून, आपल्या विहिरीची पाणीपातळी दोरीने मोजा. विहिरीच्या काठावरची एकच खूण धरून मोजा आणि वहीत लिहून ठेवा.
- ऑक्टोबरची पातळी वर्षागणिक खोल जात असेल, तर भरणीपेक्षा उपसा जास्त होतो आहे का हे तपासा. रब्बीचे पीक आणि क्षेत्र त्याप्रमाणे ठरवा.
- विस्तार कार्यकर्त्यांनी गावातील काही विहिरींच्या नोंदी एकत्र करून ग्रामसभेत मांडाव्यात.

काट्यावरची पावती आपण जपून ठेवतो. विहिरीची नोंदही तशीच जपा.