सॉक्रेटिस आपला, झ्यूस परका

दुसऱ्यांच्या देवांचे काय करायचे, हा प्रश्न ख्रिस्ती विचारवंतांपुढे पहिल्यापासून होता. रोमन साम्राज्यात देवळे गल्लोगल्ली होती आणि राज्याच्या देवांना धूप न दाखवणारा माणूस संशयित ठरे. तेव्हा हा प्रश्न नुसत्या तत्त्वचर्चेचा नव्हता, जिवावर बेतणारा होता.

मूळचा प्लेटोपंथी असलेल्या जस्टिनने इ.स. 155च्या सुमारास रोमन सम्राटाला उद्देशून आपल्या धर्माचे समर्थन लिहिले. ख्रिस्त हा साक्षात ईश्वरी विवेक. त्याचे बीज प्रत्येक माणसात आहे. म्हणून विवेकाने जगलेले सॉक्रेटिस आणि हेराक्लायटस हेही ख्रिस्तीच, असे तो म्हणतो. ग्रीकांचे देव मात्र त्याच्या लेखी सैतानी शक्ती. मिथ्रा या देवाच्या उपासनेतली भाकरी आणि पाण्याचा पेला ही तर प्रभुभोजनाची भुतांनी केलेली नक्कल! परक्यांचे शहाणपण घ्यावे, देव नाकारावेत, ही वाटणी इथेच झाली. पुढची अठराशे वर्षे ती फारशी मोडली नाही. टर्टुलियनसारख्या कडव्या ख्रिस्ती लेखकाला तर ग्रीकांचे शहाणपणही नको होते.

410मध्ये गॉथांनी रोम लुटले. जुने देव सोडल्याचे हे फळ, अशी ओरड झाली. तिला उत्तर म्हणून उत्तर आफ्रिकेतल्या बिशप ऑगस्टिनने ‘ईश्वराचे नगर’ हा 22 खंडांचा ग्रंथ लिहिला. त्यातली दाराची गंमत पाहण्यासारखी आहे. घराच्या दाराशी आपण एकच दरवान ठेवतो आणि माणूस असूनही तो पुरतो. रोमनांना मात्र तिथे तीन देव लागतात: फळ्यांना फोर्कुलस, बिजागरीला कार्डिया, उंबरठ्याला लिमेंटिनस. ही माहिती ऑगस्टिनने वारो या रोमन पंडिताकडून घेतली. वारोचा तो ग्रंथ पुढे नष्ट झाला. त्यामुळे यातल्या कितीतरी देवांची नावे आज टिकली आहेत ती ऑगस्टिनने त्यांची टिंगल केली म्हणून! ऑगस्टिनच्या त्याच ग्रंथात प्लेटोचे अनुयायी मात्र ख्रिस्ती विचाराच्या सर्वांत जवळचे ठरतात.

601मध्ये पोप ग्रेगरी पहिला याने इंग्लंडमधल्या धर्मप्रचारकांना कळवले की देवळे पाडू नका. मूर्ती काढा, पवित्र पाणी शिंपडा आणि तिथेच वेदी उभारा. वास्तू राहिली, देव गेला. इस्लामच्या बाबतीत गणित थोडे बदलले, कारण तिथे देव एकच होता. 1076मध्ये पोप ग्रेगरी सातवा याने उत्तर आफ्रिकेतल्या एका मुस्लिम राजाला लिहिले, की आपण दोघेही एकाच देवाला मानतो, रीत तेवढी वेगळी. 1453मध्ये कॉन्स्टँटिनोपल तुर्कांच्या हाती पडले. त्याच वर्षी कूसाचा निकोलस या जर्मन कार्डिनलने स्वर्गात भरलेली सर्वधर्मीयांची सभा कल्पिली: धर्म एक, विधी अनेक. त्या सभेत एक हिंदुस्थानीही आहे. तो बोलू लागताच विषय मूर्तींचा निघतो. एका परमेश्वराकडे नेणाऱ्या मूर्ती चालतील, त्याच्यापासून दूर नेणाऱ्या नकोत, असा निवाडा होतो.

शहाणपण घ्यावे, देव नाकारावेत, हीच वाटणी पुढे गोव्यात मराठीत उतरली. 1579मध्ये आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ‘क्रिस्तपुराण’ 1616मध्ये छापले गेले. ओवी घेतली, पुराणाचा घाट घेतला; ज्या देवांसाठी तो घाट घडला, त्यांना मात्र त्यात जागा नव्हती. थोड्याच वर्षांत एतिएन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाने संत पीटरवर मराठी पुराण रचून त्यात हिंदू देवकथांचे खंडन केले. खंडनासाठी आधी त्या कथा मुळातून जाणणे आलेच.

तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगमबाडीत काम करणाऱ्या झीगेनबाल्ग या जर्मन मिशनऱ्याने 1713मध्ये दक्षिणेतल्या देवांच्या वंशावळीचा ग्रंथ सिद्ध करून जर्मनीला पाठवला. मूर्तिपूजा निपटण्यासाठी पाठवलेल्या माणसाने तिचा प्रसार युरोपात करू नये, असा तिकडच्या वरिष्ठांचा सूर. ग्रंथ छापला गेला 1867मध्ये, मद्रासला. मुंबईत मिशनरी जॉन विल्सन आणि हिंदू धर्माची बाजू मांडणारे मोरभट दांडेकर यांचा वाद 1830च्या दशकाच्या आरंभी रंगला. पुराणातल्या देवांच्या वागणुकीवर मिशनऱ्यांचा मारा असे. ऑगस्टिनने ज्युपिटरवर केलेले आरोपच विष्णूच्या अवतारांवर आले.

मराठी कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895मध्ये बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. जस्टिनला जसा सॉक्रेटिस, तसे टिळकांना तुकोबा. पण विटेवरचा विठ्ठल अलीकडच्या तीरावरच राहिला.

28 ऑक्टोबर 1965 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने जाहीर केले, की इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही. हिंदूंचे चिंतन, वैराग्य आणि भक्ती यांचा त्यात आदराने उल्लेख आहे, पण एकाही हिंदू देवाचे नाव नाही. मुसलमान एकाच देवाला भजतात, हे मात्र स्पष्ट म्हटले आहे. म्हणून या परंपरेला सरसकट उदार किंवा असहिष्णू म्हणून हातावेगळे करता येत नाही. प्रत्येक लेखकाला विचारायचे ते एवढेच, की परक्याचे तू काय घेतलेस आणि काय दाराबाहेर ठेवलेस? भुतांची भाषा मागे पडली हा बदल लहान नव्हे. पण भक्ताचा आदर करताना त्याच्या देवाला काय म्हणायचे, हा जस्टिनचा प्रश्न अजून सुटलेला नाही.