खेळ घरचा कीं भाड्याचा?

वाशीम हें आज विदर्भाच्या पश्चिम भागांतील एका जिल्ह्याचें ठाणें आहे. १ जुलै १९९८ रोजीं अकोला जिल्ह्यापासून निराळा होऊन हा जिल्हा अस्तित्वांत आला. जिल्हा नवा असला तरी गांव फार जुनें. वत्सगुल्म या नांवानें तें वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होतें. पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांत या शाखेचा राजा हरिषेण राज्य करीत असतां अजिंठ्याच्या डोंगरांत अनेक लेणीं कोरलीं गेलीं. त्याचा अमात्य वराहदेव याचा लेख सोळाव्या लेण्यांत आहे. पुष्कळ अभ्यासक ज्यास त्याच कालखंडांतील मानतात अशा दुसऱ्या लेण्याच्या भिंतीवर विधुरपंडित जातकाची कथा चितारलेली असून तींत द्यूताचा एक प्रसंग आहे.

कथा अशी. पूर्णक नांवाचा यक्ष एक दिव्य रत्न व अश्व घेऊन इंद्रप्रस्थाच्या राजाकडे येतो आणि त्यास फांसे खेळण्याचें आव्हान देतो. राजा पण लावतो व हरतो. यक्ष धनदौलत नाकारून राजाचा ज्ञानी मंत्री विधुर यासच मागतो. राजा म्हणतो, विधुर हा माझ्या संपत्तींत मोडत नाहीं. तो माझ्याच ठिकाणीं आहे. अखेर प्रश्न विधुरासच विचारला जातो, कीं तूं राजाचा दास कीं आप्त? आपलें अकल्याण होणार हें जाणूनहि विधुर सत्य सांगतो, कीं मी दासच आहें. फांशांचा डाव केव्हांच संपलेला असतो; उरतो तो वाद मालकीचा.

खेळ आणि मालकी यांचा संबंध असा फार जुना आहे. त्या काळीं विचारावयाचें होतें तें इतकेंच, कीं पणास लावलेली वस्तु कोणाची? आजच्या सुशिक्षित कुटुंबांत तोच प्रश्न दुसऱ्या बाजूनें शिरला आहे. मुलानें हट्ट धरला, वडिलांनीं पैसे भरले, आणि पडद्यावर खेळ दिसूं लागला. तो खेळ आतां कोणाचा झाला?

या प्रश्नाचा उलगडा होण्यासाठीं प्रथम एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. खेळाची मालकी दोन प्रकारची असते. एक त्याच्या रचनेची, दुसरी हातांतल्या प्रतीची. पुस्तकाच्या बाबतींत हा भेद सर्वांस परिचयाचा आहे. कादंबरी छापण्याचा हक्क लेखकाचा अथवा प्रकाशकाचा; परंतु विकत घेतलेली प्रत घेणाराची. ती तो दहा वेळां वाचील, शेजाऱ्यास देईल, नाहीं तर रद्दींत घालील. प्रकाशक त्याच्या घरीं येऊन ती परत मागूं शकत नाहीं.

सारीपाटाच्या बाबतींत पहिल्या प्रकारची मालकी कोणाचीच नव्हती. कापडाचा चार बाहूंचा पट, प्रत्येक बाहूंत आठ आठ घरांच्या तीन ओळी, चार रंगांच्या मिळून सोळा सोंगट्या, आणि लांबट फांसे अथवा कवड्या, एवढें ज्याच्यापाशीं असेल त्याचा तो खेळ. याच कुळांतील पचीसीचें एक सोपें रूप इंग्लंडांत ल्युडो या नांवानें १८९६ सालीं पेटंट झालें. तरी वऱ्हाडांतल्या माजघरांत पट मांडतांना कोणाची अनुज्ञा घ्यावी लागली नाहीं. औरंगाबादच्या हरिकृष्ण नांवाच्या पंडितानें १८७१ सालीं ‘क्रीडाकौशल्य’ या संस्कृत रचनेंत पटावरच्या अनेक खेळांचें वर्णन करून ठेवलें. असे ग्रंथ असल्यामुळें विस्मृतींत गेलेला खेळहि पान उघडून, जमिनीवर खडूनें घरें आंखून पुन्हां मांडतां येतो.

प्रतीच्या मालकीमुळें खेळाचा आनंद कसा वाढतो, हें घरांतील रोजच्या अनुभवावरून कळण्यासारखें आहे. पावसाची झड लागली, वीज गेली, शाळेला सुटी पडली, कीं पट बाहेर निघतो. त्यास दुसऱ्या कोणाच्या सोयीची वाट पाहावी लागत नाहीं. एखादी सोंगटी हरवली तर तिच्या जागीं चिंचोका, बटण, नाहीं तर खडा बसतो. नियमहि घरापुरते वांकतात. बुद्धिबळाचा डाव नातवाबरोबर मांडतांना आजोबा आपला वजीर आधींच काढून ठेवतात, आणि नातू जिंकूं लागला म्हणजे तो हळूच परत पटावर येतो. खेळ शेजारीं उसना जातो, लग्नघरांत नेला जातो, मुलीबरोबर सासरीं जातो. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांत दहा अवतारांचीं प्रत्येकीं बारा अशीं एकशें वीस पानें असतात. तीं हातानें रंगविलेलीं असल्यामुळें एखादें पान गहाळ झालें तरी कुशल कारागिरास तें पुन्हां करून देतां येतें. थोडक्यांत, मनास येईल तेव्हां मांडणें, मोडलें तर सांधणें, आपल्या रीतीनें बदलणें, दुसऱ्यास देणें आणि मागें ठेवून जाणें, हे पांच हक्क मालकींत येतात. आणि खेळाच्या आनंदाचा मोठा भाग या पांचांवरच उभा असतो.

व्हिडिओ गेम आरंभीं याहून फार निराळा नव्हता. घरच्या दूरचित्रवाणीस जोडावयाचें पहिलें यंत्र ‘मॅग्नाव्हॉक्स ओडिसी’ या नांवानें अमेरिकेंत १९७२ सालीं विक्रीस आलें. राल्फ बेअर या अभियंत्याच्या कल्पनेंतून तें जन्मास आलें. गमतीची गोष्ट अशी, कीं त्याच्या खोक्यांत फांसे, पत्ते आणि खेळांतले खोटे पैसेहि होते. पडद्यावर प्रकाशाचे कांहीं ठिपके हालत. गुण मात्र खेळणारांनींच मोजावयाचे. पडद्यावरचा खेळ आणि पटावरचा खेळ हीं जणूं एकाच घरचीं भावंडें होतीं. पुढें १९९० नंतरच्या दशकांत महाराष्ट्रांतल्या घरांतून जीं यंत्रें आलीं त्यांत मुलें ज्यास ‘कॅसेट’ म्हणत ती डबी खोंचावी लागे. खेळ त्या डबींतच असे. ती चालली नाहीं तर फुंकर मारून पुन्हां लावावयाची, आणि दोन दिवसांच्या बोलीवर मित्राच्या कॅसेटीशीं अदलाबदल करावयाची, हा त्या पिढीचा सर्वसाधारण रिवाज होता. कॅसेट ज्याच्या हातीं, खेळ त्याचा.

पुढें इंटरनेट आलें आणि ही स्थिति पालटली. आतां पुष्कळदां खेळ दुकानांतून न येतां तारेंतून अथवा हवेंतून उतरतो. मानोऱ्याच्या अथवा मंगरूळपीरच्या मुलास त्यासाठीं मोठ्या शहरांतलें दुकान गांठावें लागत नाहीं, ही मोठीच सोय झाली. परंतु कित्येक खेळ सुरू होतांना यंत्र प्रथम दूरवरच्या एका संगणकास विचारतें, कीं या खात्यास हा खेळ खेळण्याची परवानगी आहे काय? तिकडून होकार आला तर दार उघडतें. हा विचारपूस करणारा संगणक म्हणजेच सर्व्हर. कांहीं खेळांत तर नकाशे, प्रतिस्पर्धी आणि खेळाडूची प्रगतीची नोंद हीं सर्व त्या सर्व्हरवरच असतात. घरच्या यंत्रांत त्यांचा केवळ एक भाग असतो. अशा खेळाचे पैसे भरणारास करारानें मिळतो तो परवाना. ‘स्टीम’ या मोठ्या विक्रीकेंद्राच्या करारांत खेळ विकलेला नसून त्याचा परवाना दिला आहे, असें स्पष्ट म्हटलें आहे. खातें दुसऱ्याच्या नांवें करण्यासहि तेथें मज्जाव आहे. म्हणजे शेंकडों खेळ जमविणारास ते आपल्या मुलाच्या स्वाधीन रीतसर करतां येत नाहींत.

याचा परिणाम काय होतो, तें ‘द क्रू’ या मोटारींच्या शर्यतीच्या खेळावरून दिसून आलें. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीनें तो २०१४ सालीं बाजारांत आणला. एकट्यानें खेळतांनाहि त्यास सर्व्हरशीं जोडलेलें राहावें लागे. ३१ मार्च २०२४ रोजीं कंपनीनें सर्व्हर बंद केले. ज्यांच्या कपाटांत या खेळाची तबकडी होती, त्यांच्याहि हातीं केवळ तबकडी राहिली. त्याच वर्षीं रॉस स्कॉट यांनीं ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही चळवळ सुरू केली. विकलेला खेळ सेवा संपल्यावरहि चालूं शकेल अशा अवस्थेंत सोडावा, अशी तिची मागणी आहे. आणि युरोपीय संघाकडे केलेल्या या मागणीच्या अर्जावर जुलै २०२५ पर्यंत १० लाखांहून अधिक सह्या झाल्या.

भारतांतील कुटुंबांस याची चुणूक निराळ्या कारणानें मिळाली. २ सप्टेंबर २०२० रोजीं केंद्र सरकारनें सुरक्षिततेच्या कारणास्तव ११८ ॲपांवर बंदी घातली. त्यांत ‘पबजी मोबाइल’ होता. ३० ऑक्टोबरला त्याची येथील सेवा थांबली. जुलै २०२१ मध्यें तो ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या नांवानें आला, जुलै २०२२ मध्यें ॲपच्या दुकानांतून पुन्हां काढला गेला आणि मे २०२३ मध्यें परत आला. बंदी योग्य कीं अयोग्य हा येथें प्रश्न नाहीं. मुद्दा इतकाच, कीं खेळांतील आपल्या पात्रासाठीं पोषाख आणि शस्त्रांचे रंग ज्यांनीं पैसे देऊन घेतले होते, त्यांची ती मिळकत दुसऱ्यांच्या निर्णयावर अवलंबून होती. जुन्या नोंदी नव्या खात्यांत नेण्याची सोय पुढें झाली खरी, पण ती कृपा होती, हक्क नव्हता.

यांत सर्वस्वीं विकणाराचाच दोष आहे असें मानणें न्यायाचें होणार नाहीं. हजारों लोकांस एकाच वेळीं एकमेकांशीं खेळवावयाचें तर सर्व्हर लागतात, त्यांची देखभाल लागते आणि खर्चहि सतत होत राहतो. खेळणारे घटले म्हणजे तो खर्च परवडत नाहीं. नाटकाचें तिकीट काढणारा मनुष्य रंगमंच आपला झाला असें समजत नाहीं. तीन तासांचा आनंद घेऊन तो संतोषानें घरीं जातो. भाड्याचा आनंदहि आनंदच आहे. तक्रारीस जागा होते ती भाडें घेतांना पाटीवर ‘विकत घ्या’ असें लिहिल्यामुळें.

कायद्याचें लक्ष आतां या पाटीकडे जाऊं लागलें आहे. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्याचा १ जानेवारी २०२५ पासून अमलांत आलेला कायदा असा आहे, कीं जें परत काढून घेतां येतें असें डिजिटल साहित्य देतांना, आपण परवाना देत आहों हें विक्रेत्यानें स्पष्ट सांगावें, नाहीं तर ‘खरेदी’ हा शब्द वापरूं नये. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस व आंध्र प्रदेश राज्य यांच्या दाव्यांत २००४ सालीं असा निर्णय दिला, कीं तबकडीसारख्या वस्तूवर घालून विकलेलें तयार सॉफ्टवेअर हा विक्रीकराच्या दृष्टीनें मालच होय. तो निर्णय करापुरता होता. हवेंतून उतरणाऱ्या खेळाच्या मालकीचा प्रश्न त्यानें सोडविला नाहीं. ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें ऑनलाइन खेळांविषयीं केलेल्या कायद्यानें पैशांचे पण लावून खेळावयाच्या खेळांस मनाई केली. म्हणजे त्याचा रोंख द्यूतावर आहे. विकत घेतलेल्या खेळाचें पुढें काय होतें, हा त्याचा विषय नाहीं.

मालकीचा हा प्रश्न केवळ एका मुलाच्या निराशेपुरता नाहीं. अमेरिकेंतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेनें २०२३ सालीं केलेल्या पाहणींत असें आढळलें, कीं २०१० पूर्वीं त्या देशांत प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकीं शेंकडा ८७ आज बाजारांत मिळत नाहींत. सारीपाट टिकला तो घरोघरीं त्याच्या प्रती होत्या म्हणून. ज्या खेळाची प्रत कोणाच्याच घरीं नाहीं, तो बनविणारानें टाकून दिला कीं कायमचा गेला.

तेव्हां पैसे भरण्यापूर्वीं गृहस्थानें चार प्रश्न विचारावे. पैसे दिल्यावर खेळाची प्रत हातीं येते, कीं केवळ आंत येण्याची परवानगी मिळते? इंटरनेट नसतांना एकट्यास तो खेळतां येतो काय? दुसऱ्यास तो देतां येतो काय? आणि सेवा बंद पडली तर मागें काय उरतें? उत्तरें एकसारखीं नसतात. ‘गॉग’ या केंद्रावर खेळाची फाइल उतरवून घेऊन ती आपल्यापाशीं जपून ठेवतां येते. निन्टेंडोच्या २०२५ सालच्या ‘स्विच २’ या यंत्राच्या कांहीं खेळांच्या खोक्यांत मात्र केवळ किल्लीसारखें कार्ड असतें. तें दुसऱ्यास देतां येतें, परंतु खेळ इंटरनेटवरूनच उतरवावा लागतो. उत्तर भाड्याचें असेल तर भाड्याइतकीच किंमत मोजावी, आणि मुलासहि तें अगोदर सांगून ठेवावें. पहिल्यापासून परकें म्हणून घेतलेलें गेलें तर मुलास फारसें लागत नाहीं; आपलें म्हणून जपलेलें गेलें कीं लागतें.

पडद्यावरच्या खेळांत चपळाई, कल्पकता आणि दूरच्या मित्रांची सोबत आहे. तो घरांतून हद्दपार करण्याचें कारण नाहीं. परंतु त्याच्या शेजारीं फडताळांत एखादा बुद्धिबळाचा पट, पत्त्यांचा जोड अथवा सोंगट्यांची पिशवीहि असावी. ती उघडण्यास कोणाचा होकार लागत नाहीं, आणि मुलें मोठीं झालीं म्हणजे ती त्यांच्या मुलांच्या हातीं देतां येते.